भाग सातवा

भूपालअण्णांची लायब्ररी हरभट रोडला,
सायकलच्या दुकानावर. जिना एका माणसाच्या रुंदीचा.
वर-खाली करणाऱ्यानं आधी खोकायचं, असा नियम.
तिथं मी आठवीत भाग पहिला घेतला,
अनामत दहा रुपये,
आणि तिरव नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा
लोळा नसलेली घंटा पाठीला बांधून
उत्तरेच्या कड्याकडं निघाला.

अजून पोचलेला नाही.

दुसरा भाग आला तेव्हा मी दहावी नापास होतो.
चौथ्याला मार्केट यार्डात लागलो, हळदीच्या सौद्यावर,
रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगणाऱ्या माणसांत.
पाचव्याला लग्न.
सहावा आला आणि वडील गेले.
बाराव्याच्या आदल्या रात्री माळ्यावर बसून
मी बर्फातली सत्तर पानं चालून आलो.
खाली उतरलो तर पायांना मुंग्या.
कुणाला सांगायचं?

मेहुणा म्हणतो, "तेच तेच असतंय की ओ.
चालायचं, भूक लागायची, कुणीतरी फसवायचं, परत चालायचं."
बरोबर आहे.
माझं तरी दुसरं काय चाललंय?
फक्त त्यांच्या भाकरीला दीड पान मिळतं,
माझी मी मोबाईलकडं बघत संपवतो.

एक सांगतो, हसू नका.
मालक मला हरिपूरला पाठवायचे, पेवं बघायला.
आधी आत कंदील सोडायचा.
विझला, तर उतरायचं नाही.
मी काठावर पालथा पडून बघायचो
आणि मला खाली हळद दिसायची नाही.
काहीतरी पिवळं, जुनं,
श्वास घेत पडलेलं असायचं.

मग एकोणीस सालचा पूर.
पाणी जिना चढून वर आलं, न खोकता.
परत आलेल्या पुस्तकांच्या पेटीत, टेबलाखाली,
नेमका भाग सातवा.
अण्णांनी तो पंधरा दिवस गच्चीवर वाळवला.
पानं सुटेनात. वीट झाली.
प्रकाशकाचं दुकान कधीच बंद पडलेलं.
ती वीट आता वहीवर ठेवतात, पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून.

तेव्हापासून सातवा मागायला कुणी आला
की अण्णा म्हणतात, "बसा. सांगतो."
त्यांच्या सातव्यात खेचरवाला भोरा खिंडीत मरतो.
विमा ऑफिसातल्या शैला मगदूम शपथेवर सांगतात,
मरत नाही, रुसून मागं राहतो.
मला आठवतं ते वेगळंच :
भोरा घंटेत पाणी भरून सगळ्यांना पाजतो.
हे पान मी भडंग खात वाचलंय,
एकशेबारा नंबरचं, त्यावर माझा तेलाचा अंगठा होता.
आता वीट फोडून कोण बघणार.

आठवीत ज्याला मी म्हातारा नावाडी समजायचो
तो पन्नाशीचा निघाला.
मी बावन्न.
तिरव अजून एकोणीसचाच,
त्याच्या बुटाचं तेच भोक.

बारावा यायचाय. शेवटचा, म्हणतात.
लेखकाच्या डोळ्यांचं काहीतरी झालंय, असंही म्हणतात.
अण्णांच्या वहीत त्याच्यासाठी चव्वेचाळीस नावं,
नऊ खोडलेली,
दोघांच्या पुढं कंसात मुलाचं नाव.
ती घंटा वाजावी का, मला विचारू नका.
गेली कित्येक वर्षं मी तिच्या न वाजण्यावर
झोपी जातोय.

काल यार्डात सिद्राम आला, जतचा पोरगा, पोती उचलतो.
नखांत हळद, काखेत सहावा,
जेवणाच्या सुट्टीत वाचून संपवलेला.
"पुढचा कुठाय, सायेब?"

मी दोन चहा सांगितले.
पोत्यावर त्याला जागा केली.
भोऱ्याचं काय करायचं, अजून ठरलं नव्हतं.
"ऐक," म्हटलं,
"रात्रीची वेळ. नदी चढायला लागली होती..."